उन्हात ठेवलेले सेल

फैजपूर,
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

भाऊजींना यशोदाचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही दीपनगरला बरे असाल. छकूचा खोकला गेला. तुम्ही आणलेला लाल स्वेटर तिला आखूड होतो, पण अंगातून काढू देत नाही. आबांचा गुडघा तसाच आहे.

तुम्ही संक्रांतीला ठेवून गेलात तो खिशातला कॉम्प्युटर मी परवा पहिल्यांदा बाहेर काढला. इतके दिवस कपाटात लुगड्यांखाली होता. तुम्ही समोर बसून "दाब ना, काही फुटत नाही" म्हणत होतात तेव्हा माझ्याने बटणाला हात लाववला नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरीला आवड नाही. तसं नाही. समोर माणूस असलं की माझे हात गार पडतात. शाळेत फळ्याजवळ बोलावलं की असंच व्हायचं.

पुस्तक सगळं इंग्रजी आहे, माझ्या आठवीच्या इंग्रजीला ते झेपत नाही. पण तुम्ही कडेला पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवलंय, त्यावर माझं चाललंय. पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय, "सेल काढू नये. काढले तर आतलं सगळं जातं." म्हणून मागच्या झाकणाला हातच लावला नाही. चालू केलं तर काचेवर एक बारका बाण आला आणि माझी वाट पाहत बसला. कोणी इतका वेळ गप माझ्यासाठी थांबलेलं मला आठवत नाही.

छापायचं यंत्रही जोडलं. त्यातली चार पेनं पाहून छकू हरखली, तांदळाएवढी टोकं आहेत. काळं सुकलंय, बाकी तिन्ही चालतात. कागद एसटीच्या तिकिटापेक्षा थोडा रुंद. टेपला लावायची वायर मात्र अजून तशीच आहे, कारण कोरी कॅसेट घरात नाही.

तुम्ही लिहिलंय ना, "ए हा एक डबा समज. त्यात टाकशील ते राहतं. दुसरं टाकलं की पहिलं जातं." मी करून पाहिलं. आधी छकूचं वय टाकलं, मग माझं टाकलं. छकूचं गेलं. काही आवाज झाला नाही.

एक सांगायचं होतं. छकूने मांडीवर बसून एक बटण दाबलं तर काचेवर इंग्रजी अक्षरं आली. मी एकेक लावून वाचलं तर ते मराठीच होतं. "सुनंदा, चहा झाला का?" अक्काचं नाव पाहून मी लगेच बंद केलं. मग पुन्हा लावलं. मायला सांगितलं नाही, नाहीतर ती रडत बसेल. तुम्हाला ते आत आहे हे माहीत असेलच. त्या ओळीला मी धक्का लावणार नाही, माझं सगळं तिच्या खाली टाकीन.

रुपचंद नानांशी आबा बोलले. नाना केळी विकायच्या ग्रुपचे सेक्रेटरी झाल्यापासून त्यांना कोणी भेटत नाही, पण आबांना भेटले. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ये म्हणाले. उन्हाळ्यात कटाई वाढली की काट्यावर वजनं मांडायला माणूस लागणार आहे. यंत्राने घडांची वजनं बरोबर लागली, त्यातून दांड्याचं वजन वजा झालं, तर मला ठेवतील.

मला ते काम पाहिजे, भाऊजी. मला काही पाहिजे असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. अक्का काविळीत गेली, छकू लहान, म्हणून आठवीतून शाळा सोडवली, तेव्हाही नाही म्हटलं. हे काम लागलं तर घरातले मला दोन-तीन वर्षं तरी दुसरं काही विचारणार नाहीत. एवढंच.

आपली लहान मेहुणी,
यशोदा


फैजपूर,
रविवार, २२ मार्च १९८७

भाऊजींना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही काढून दिलेला हिशोब मी यंत्रात बसवला आणि तो चालला. आता घडाचं वजन टाकलं की दांडा आपोआप वजा होतो, वजन निळ्या पेनाने छापतं आणि गाडी भरली की बेरीज लाल पेनाने येते. मी कापसाच्या जुन्या काट्यावर छकूला बसवून वजन घेतलं आणि तिचाही दांडा वजा केला. ती इतकी हसली की आबा ओट्यावरून आत आले. तेही हसले. आबा पुष्कळ दिवसांनी हसले.

तुम्ही लिहिलं की आधी कॅसेटवर भरून ठेव, म्हणजे आतलं गेलं तरी परत घेता येईल. ते राहिलंय. आबा जळगावला गेले तेव्हा कोरी कॅसेट आणा म्हटलं. त्यांनी भजनाची आणली. "पैसे दिऊन रिकामी कॅसेट आणू का? तिच्यात त काहीच नसते!" मी म्हटलं, हिच्यावरच भरते, तर मायने कॅसेट उचलून देवाजवळ नेऊन ठेवली. "देवाच्या नावावर ते टिवटिव भरशीन का? पाप लागीन." आता नशिराबादच्या मामाला चिठ्ठी धाडलीय.

तुमच्या आई येऊन गेल्या. तुम्हाला माहीत असेल. दोन रात्री राहिल्या. मी भाकरी थापत होते तेव्हा मागे पाट घेऊन बसल्या आणि नुसत्या पाहत राहिल्या. मग मायला म्हणाल्या, "माय अन् मावशी, एकच ना ओ?" माझी भाकर करपली.

त्यांचं पुढचं बोलणं मी लिहीत नाही.

छकू आता मला आई म्हणते. मी म्हणते, मावशी म्हण. ती म्हणते, मावशी. पण कोणी पाहुणं आलं की माय तिला सांगते, "जाय, आईजोडी जाय." तुमच्या आई आल्या तेव्हापासून हे सुरू झालंय. मी यंत्र घेऊन शिडीने वर धाब्यावर जाऊन बसते.

तुमच्या पत्रात हिशोब होता, पेनं कुठे मिळतील ते होतं, छकूला पापा होता. बाकी काही नव्हतं. नसू दे. काम लागलं की सगळं आपोआप लांबेल असं मी धरून चाललेय. रुपचंद नाना आबांना म्हणाले, पोरगी काट्यावर बसली तर निदान दोन हंगाम तरी सोडू नका, शिकवायचं आणि मग ती सासरी जायची, असं नको. आबा हो म्हणाले. मी दाराआड होते, मी ऐकलं.

ती ओळ आहे तशीच आहे. रोज एकदा पाहते.

आपली मेहुणी,
यशोदा


फैजपूर,
रविवार, २६ एप्रिल १९८७

भाऊजी,

हे नाव आज शेवटचं लिहून घेते.

इकडे बरं आहे. धाब्यावर कुरडया, पापड वाळतायत. आखाजीचा सण आला, गल्लीतल्या सासरवाशिणी माहेरी येऊ लागल्या. निंबाला झोके बांधलेत. अक्काचा दोर मायने काढला होता, तो परत ठेवून दिला.

तुम्ही दोनदा विचारलंत की ग्रुपच्या ऑफिसात काय झालं. आबांनी तुम्हाला एवढंच लिहिलं की जमलं नाही. मी सांगते.

मी नवी साडी नेसून गेले होते. काट्याजवळ नाना, तोताराम काका आणि तीन-चार माणसं होती. पिशवीतून यंत्र काढलं तर त्याची पाठ गरम लागली. मला वाटलं, ऊन आहे. तोताराम काका म्हणाले, "हे काय, रेडू आणला का वं? लाव एखादं गाणं." सगळे हसले. नाना म्हणाले, "हसू नका रे, पोरगी घाबरीन." पहिला घड काट्यावर चढला. मी चालू केलं. काचेवर बाण आला. मी माझं बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. मग ते दुसरं बटण दाबलं, अक्काच्या ओळीचं. तेही नाही. नुसता बाण.

नुसती बेरीज तरी करून दाखवायची, ती त्याच्यावर झाली असती. मला ते आता कळतं. तेव्हा हात गार पडले. माणसं घड धरून उभी होती आणि मी खाली पाहत होते. नाना म्हणाले, "राहू दे पोरी. आमचा कागद-पेन्सिलच बरा." चांगल्या आवाजात म्हणाले. आबा वाटभर सायकल हातात धरून चालत आले.

घरी आले तर माय दारातच. "चालले ना सेल?" मी म्हटलं, कोणते सेल? ती म्हणाली, "अवं, तुह्या कामाचा दिवस, म्हणून म्या काल चारही काढून धाब्यावर ठेवले, कुरडयांजोडी. दिवसभर चांगले तापवले. सकाळी आणखी थोडं ऊन दिलं अन् मंग बसवले. रेडूचे कसे एका उन्हात महिनाभर चालतात!"

तिचा चेहरा तुम्ही पाहायला पाहिजे होता, भाऊजी. मी काम करते त्यात तिचाही हात लागला म्हणून ती इतकी खूश होती. माझ्या ताटात तिने गूळ वाढून ठेवला होता.

मी म्हटलं, चालले माय. चांगले चालले.

मग काहून नाही जमलं म्हणाली. मी म्हटलं, त्यांना माणूसच नको. तिला अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका. आता ती रेडिओचे सेल काढते तेव्हा मलाही हाक मारते, तुझेही दे, तापवून देते. आणि मी देते. आत आता काही नाही.

हिशोब मी दोन दिवसांत पुन्हा बसवला होता. आबांना म्हटलं, आणखी एकदा नेता का. आबा म्हणाले, "एकदा हसं झालं तेवढं पुरे." नानांनी त्यांच्या भाच्याला लावलं. मग मीच तो हिशोब पुसून टाकला. मामाने कोरी कॅसेट पाठवली, ती पुसल्यावर दुसऱ्या दिवशी आली. ती पिशवीत ठेवलीय.

तुमचं पत्र आबांनी ओसरीवर मोठ्याने वाचलं. "यशोदाची हरकत नसेल तर माझी हरकत नाही." मी आत तांदूळ निवडत होते. आबांनी घडी घातली आणि म्हणाले, "तिची काय हरकत राहीन? राहती त बोलती ना." माय म्हणाली, "पोर ओळखीची, घर ओळखीचं. तिलेबी बरंच हाये." मग चहा झाला. मला कोणी काही विचारलं नाही. तुम्हीही नाही. माझं नाव लिहिलंत, पण पत्र आबांना लिहिलंत. मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली होती, भाऊजी.

तुम्ही वाईट माणूस नाही. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. छकू तुमचीच आहे, तिला कोणीतरी लागणार, ते मी नसले तर दुसरी कोणी असेल, आणि ती तिला कशी वागवेल, हे माय रात्रंदिवस सांगते. आखाजी झाली की हळद लागेल. पुढच्या आखाजीला मी माहेरी येईन, झोक्यावर बसेन, असं सगळे हसून सांगतात.

आबा बोलणी पक्की करायला येतायत, त्यांच्याजवळ यंत्र परत पाठवतेय. छापायचं यंत्र, पेनं, वायर, पुस्तक, सगळं आहे. लाल पेन संपत आलंय. कागद थोडा उरलाय.

अक्काची ती ओळ गेली, त्याची मात्र मला माफी द्या. मला ती पाठ आहे. पुन्हा टाकता आली असती, पण मी टाकली नाही, ती तुमची होती. आता तुम्हीही टाकू नका. आणि कधी टाकावीशी वाटलीच, तर तिच्या नावाच्या जागी माझं घालू नका. तेवढं करायला काही वेळ लागत नाही, मी शिकलेय. डबा तोच राहतो. पण घालू नका. चहा मी करून देईन, न विचारता.

सुनंदाअक्काची बहीण,
यशोदा