रेवाच्या रागावर फुंकर

६ जुलै २००६, गुरुवार
रेवाने प्लेस्कूलात आज परत चावलं, तिच्या वर्गातल्या त्याच गोलूला. मॅडम माझ्या संजयला म्हणाल्या, "एक बार और हुआ तो घर पे ही रखिए." सूनबाई रडवेली. संजयची बँकेतली बदली होऊन सांगलीहून या हिंदी मुलखात येऊन दोन महिने झाले नाहीत, त्यात हे. साडेतीन वर्षांची पोर घरी बसवायची? मी नाही बसू देणार. तशी गुणाची आहे हो माझी रेवा. दुपारी कुशीत झोपली, हाताला जांभळांचा वास. इथली जांभळं काय टपोरी! असो.

७, शुक्र.
आज पाठवली नाही. विचारलं, "का चावतेस गं?" म्हणे, "आजी, पोटातून वर येतं." बघतच राहिले! गॅसवर दूध वर येत होतं. म्हटलं, बघ, फुंकर मारली की खाली बसतं. रागालाही तशीच मारायची, आणि मोठ्यानं म्हणायचं, मला राग आलाय. संध्याकाळी चिवड्यावरून भडकली, गाल फुगवून फू फू केलं, आणि चावली नाही! इतके मुके घेतले... तिकडे दुसऱ्यांदा ठेवलेलं दूध गेलं उतू.

१०, सोम.
चावली. आणायला गेले तर मॅडम म्हणतात, "माताजी, पहले गोलू के मुँह पे फूँका, फिर कुछ बोली, सब हँसे, तब काटा." काय बोलली? ते कुणालाच कळलं नाही. अगं बाई! मी मराठीत शिकवलं की. पोर सांगत होती बिचारी, आणि सगळी मुलं हसली.
मोडक्या हिंदीत म्हटलं, गलती मेरी है, एक दिन और दो. गेटपाशी उभीच राहिले, हलले नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ठीक है. सिर्फ कल."
मग मॅडमना एक मराठी शब्द शिकवला. राग, म्हणजे गुस्सा. घरी येऊन रेवाकडून घोकून घेतलं, मुझे गुस्सा आया. मीच अडखळते, ती खिदळते.

११, मंगळ.
सोडलं, पण घरी गेले नाही. गेटबाहेर कडुनिंबाखाली बसलेय. वही पिशवीत होती म्हणून लिहिते.
मघाशी गोलूचा आरडाओरडा, मग रेवाचा. मग फू... फू... आणि मॅडमचा आवाज, "राग आया? इधर आ, मेरे साथ फूँक."
आत्ता कुठे अकरा वाजलेत. सुटायला दीड तास आहे.
गोलू रडल्याचं अजून तरी ऐकू आलेलं नाही.