कॅमेरा शुक्रवारच्या बसनं का येत नाही

रामनगर, ता. जोयडा
मंगळवार सकाळ

ती. दत्तप्रसाददादांस धाकट्या केशरचा कृतानेक नमस्कार (वाकताना कंबर धरली, तेव्हा थोडा कमीच वाकले असं समज).

वि. वि. तुझा गुडघा काय म्हणतोय? वैनींचा खोकला गेला काय? आम्ही सगळी खुशाल. "रेश्माचा साखरपुडा जवळ आला, माझा कॅमेरा शुक्रवारच्या बसनं पाठव" हे तुझं पत्र दोनदा वाचलं. त्याचं खाली लिहितेच, पण आधी काल काय झालं ते सांगितल्याबिगर मला चैन पडायची न्हाई!

कुंभारवाड्याच्या वरच्या खिंडीतनं धुक्यात बुडालेली दरी काढायची, हा माझा तीन वर्षांचा ध्यास तुला ठाऊकच हाय. चौदा खेपा झाल्या. एकदा पायाला जळू लागली आणि अख्खा डोंगर हलला. एकदा फोटो एवढा तिरका आला की आमचे हे म्हणाले, "धर धर, नदी सांडतीया!" एकदा सगळं जमलं, फक्त काचेवरचं झाकण काढायचं राहिलं. (हसू नको.)

तर काल पहाटे खिंडीतल्या चहावाल्या महाबळेश्वरला फोन लावला. तो कन्नड बोलणारा, म्हणून मीही कन्नडात विचारलं, "मंजु बंतेनु?" म्हणजे धुकं आलं काय? पलीकडनं "बंद..." एवढंच आलं आणि रेंज गेली. मी आपलं शेपूट जोडलं, "बंदैती". आलंय! यांना उलट्या स्वेटरासकट उठवून गाडीवर बसवलं आणि निघालो. वर पोचतो तर आभाळ धुतल्यावाणी लख्ख! महाबळेश्वर मोठ्या अभिमानानं बोट वर करतोय, आणि विजेच्या खांबावर लाइनमन मंजुनाथ! खिंडीत आठ दिवस वीज न्हवती, सगळी त्याच्याच वाटेकडं डोळे लावून. मी मंजूचं विचारतेय म्हटल्यावर त्याला दुसरं काय वाटणार? मंजू आला, म्हणून "बंद", म्हणजे कन्नडात 'तो आला'. त्याचं वाक्य पुरं होतं, मीच लांबवलं.

पण गेले तशी परत येणारी मी न्हवे. चाळीस फोटो काढले. निम्म्यांत तारा, निम्म्यांत मंजू. (खांबावर बसून भांग पाडला गड्यानं, आणि वरनं ओरडतोय, "अक्का, तेगीरी!", म्हणजे काढा!) आणि दादा, शेवटच्या फोटोत पार कोपऱ्यात नदीवर अंगठ्याएवढा धुक्याचा पुंजका! अरे, मी खिंडीत नाचले! म्हणजे धुकं होतं, मीच उशिरा पोचले. उद्या अर्धा तास आधी निघायचं ठरलंय. (यांना अजून सांगितलेलं न्हाई.)

आता कॅमेरा. तो पार कामातनं गेलाय बघ. रंग उडतात, बटण अडकतं. असला कॅमेरा नेऊन सोयऱ्यांपुढं आपली शोभा कशाला?

तुझी धाकटी,
केशर

ता. क. – कॅमेरा ठणठणीत हाय. वर खोटं लिहिलं. दादा, लग्नाला बावीस वर्षं झाली, पहाटे उठले ती चुलीसाठी. हल्ली आपसूक जाग येते, आणि आनंदानं येते. एक फोटो धड न्हाई, तरी येते. तो मागू नको रे.

आणखी ता. क. – साखरपुड्याला कॅमेरा घेऊन मीच येते, फोटो मीच काढते. माणसं अजून काढलेली न्हाईत, म्हणून व्याह्यांना आधीच सांगून ठेव: पोरानं डोंगरावाणी गप उभं राहायचं, आणि पहिल्या खेपेला जमलं न्हाई तर अंगठी पुन्हा घालायची.