बरणीत धूळ नाही

३ मार्च १९९५
नव्या टेंडरमध्ये अट आली आहे. रस्ता रुंद करताना धूळ मर्यादेत ठेवायची. दिवसातून दोनदा पाणी मारायचं, खडीच्या ट्रकवर ताडपत्री, आणि साइटजवळ उंचावर काचेची बरणी उघडी ठेवून रोज धुळीची नोंद करायची. मर्यादा ओलांडली की काम बंद. कॉन्ट्रॅक्टर रतनशेठ म्हणाले, तू मानपाडा रोडवरच राहतोस, बरणी तुझ्या गच्चीत ठेव. बारा वर्षं सुपरवायझर आहे, पहिल्यांदाच विश्वासाचं काम मिळालं. संकल्प: एकही नोंद चुकवणार नाही.

५ मार्च, सकाळी ८
बरणी लख्ख. धूळ शून्य. काल पाणी एकदाच मारलं होतं, तरी हा रिझल्ट.

९ मार्च
टँकर आला, पण चाळीतल्या बायका हंडे घेऊन आडव्या आल्या. तीन दिवस नळ कोरडे म्हणे. मी म्हटलं, मग रस्त्यावर काय मारू? केशरबाई म्हणाल्या, "रस्त्याला तहान लागत नाय रे, पोरांना लागते." उरलं त्यात दोन बादल्या मारल्या.
बरणी शून्य. म्हणजे पाणी किती, याला महत्त्व नाही. कुठे मारतो, याला आहे.

१४ मार्च
बायकोचा, सगुणाचा खोकला आठवडा झाला तरी हटत नाही. म्हणते, धुळीने होतो. तिला रजिस्टर दाखवलं: सगळीकडे शून्य. लेखी पुराव्यापुढे काय बोलणार, खिडकीचे गज पुसायला लागली. दिवसभर पुसतच असते. दमून खोकला येत असणार.

१९ मार्च
ताडपत्र्या ट्रकवर नाहीत. चंदू ड्रायव्हर त्या अंथरून दुपारी झोपतो. उद्यापासून कडक व्हायचं. आज फार दमलो.

२३ मार्च
डॉक्टरांनी हवापालट सांगितला, म्हणून सगुणा माहेरी केळव्याला गेली. इथली हवा चांगली आहे, माझ्याकडे नोंद आहे, असं मी दोनदा म्हणालो. निघताना ती घरातली कामं सांगत होती. निम्मी ऐकली.

२५ मार्च
बरणीच्या तळाशी करडा थर. शेजारच्या बिऱ्हाडाने गच्चीत सतरंजी झटकली असणार. नोंद शून्यच ठेवली. अपवाद मोजत नाहीत.

२८ मार्च
थरात बोटाने नाव लिहिता येईल. सतरंज्या तरी किती झटकतात लोक. परवा पालिकेचे साहेब येणार. बरणी धुवावी असं मनात आलं, पण आपण त्यातले नाही.

३० मार्च
साहेबांनी बरणी पाहिली, मग रजिस्टर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काम बंद. रतनशेठ गाडीत बसून निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१ एप्रिल
सगुणाचं पत्र. खोकला चार दिवसांत गेला. पुढे लिहिलंय: "तुमची ती कामाची बरणी मी रोज पहाटे ओल्या फडक्याने पुसत होते. फार घाण व्हायची, साहेबांसमोर तुमची लाज जायला नको. मी नाही तोवर तेवढं करा. हवा बरी झाली की कळवा, येते."
हिलाच मी रजिस्टर दाखवलं होतं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ६
काम बंद आहे, म्हणजे धूळही बंद, असा विचार करून कार्ड लिहायला घेतलं: 'हवा उत्तम आहे, लगेच ये.' 'उत्तम'पाशी खोकला आला, तो थांबेना. कार्ड फाडून टाकलं.