राख न बसलेल्या घरघंट्या

परळी वैजनाथ,
होळीनंतरचा सोमवार

प्रिय स्वप्नाली,

पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं तरी वाच. संक्रांतीपासून तू माझा फोन उचलेना झालीस. मेसेज वाचतेस, त्याच्या खुणा दिसतात मला, पण उत्तर काही येत नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. हे पत्र मी स्वतः पोस्टात जाऊन टाकणार आहे. ऑफिसातल्या माणसाकडं दिलं असतं तर ते आधी तुझ्या आण्णांच्या टेबलावर गेलं असतं. झालं, आई सुरू झाली, असं म्हणत असशील. म्हण खुशाल.

शक्की म्हणूनच अख्ख्या परळीत माझं नाव आहे. दूधवाला आमच्या दारात आला की बिचारा माप दोनदा दाखवतो. तुझ्या लग्नात आचाऱ्यानं तुपाचा डबा कुठं लपवला ते मीच शोधून काढलं होतं आणि तू चिडून म्हणालीस, आई, आजच्या दिवस तरी गप्प बस. नाही बसवत बाई. मला दिसतंच. घरात कुणी एक घास कमी खाल्ला तरी मला वाटतं, ह्यानं बाहेर कुठं काय खाल्लं असेल, आणि घरी का सांगत नाही? माझा स्वभाव काही आता जायचा नाही. पण आपल्या जावयाचं, विजयरावांचं, काय झालं ते तुला नीट कळलं पाहिजे, आणि त्यासाठी थोडं मागून सांगावं लागेल.

तुझे आण्णा स्टेशनरोडला जळक्या मोटारींना नवी तार भरून द्यायचे तेव्हाची गोष्ट तू शंभरदा ऐकलीस, पण ती त्यांच्या तोंडून. ते सांगतात तेव्हा त्यात फक्त त्यांचं डोकं असतं. खरं म्हणजे निम्मं डोकं तुझ्या आजीचं, म्हणजे आमच्या आत्याबाईंचं होतं. केसरबाईंचे हात जात्यानं पार गेलते, आणि गावातली गिरणी लाइट नाही म्हणून दिवसदिवस बंद. आण्णांनी लाकडी पेटीत मोटर बसवून घरात दळायची गिरणी केली. पहिलं पीठ घेऊन नाचत आले. आत्याबाईंनी चिमटीत धरलं, काठवटीत मळलं, भाकरी थापायला घेतली, तर ती कडेनं फुटली. म्हणाल्या, सुंदऱ्या, पीठ तापलंय रे, विरी गेली ह्याची. तुम्ही पुण्याला पाकिटातलं पीठ खाता, तुला विरी आठवते का? जोंधळ्याच्या पिठाला चिकटपणा राहिला नाही की भाकरी थापता येत नाही, नुसते तुकडे पडतात. मोटर तापली की पीठ तापतं आणि विरी जाते. आण्णा मोटर बदलत राहिले, आत्याबाई भाकऱ्या फोडत राहिल्या. शेवटी तांब्याच्या तारेची मोटर बसली तेव्हा भाकरी टम्म फुगली, आणि आत्याबाईंनी होय म्हणल्यावरच पहिली घरघंटी विकली गेली. म्हणून तर नाव केसर. भाकरी फुटली की आण्णा ताट सरकवून उठायचे, ती सवय त्यांना तेव्हाची लागलेली.

पण धंदा त्या मोटारीनं वाढला नाही. तो वाढला तलवाड्याच्या चंद्रभागाबाईमुळं. ती आणि नवरा दर साली ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की घराला कुलूप, ते पाडव्यापर्यंत. एका साली ती टेम्पोत घरघंटी घालून थेट आपल्या दारात. म्हणाली, अक्का, माझ्या घराला पत्र्याचं दार हाय, कुणीबी लाथ मारून आत जाईल, येवढी जिवाची वस्तू कुठं ठिऊ? मी म्हणलं, ठेव इथं. स्वयंपाकघरात कोपऱ्यात ठेवली. जाताना तिनं घरघंटीला हळदीकुंकू लावलं आणि दळायच्या तोंडात मूठभर जोंधळे टाकले. जातं कधी रिकामं ठेवत नाहीत म्हणे, मग हिला तरी रिकामी कावून ठेवायचं? पुढच्या दसऱ्याला तिच्या टोळीतल्या सगळ्या बायका आल्या. मग दुसऱ्या टोळ्या आल्या, मग गेवराईकडची गावंच्या गावं. केसर घ्यावी, कावून की ती परळीच्या अक्काकडं ठेवून बिनघोर ऊस तोडायला जाता येतं. दुसऱ्या कंपन्यांनी टीव्हीवर जाहिराती दिल्या, पण गोदाम कुणी दिलं नाही. आण्णांनी त्यावर शेड बांधलं, बंगला बांधला, तुला इंजिनिअर केलं. सगळं त्या मूठभर जोंधळ्यांवर झालंय, आणि ते जोंधळे माझ्या भरवशावर टाकलेले होते.

गेल्या दसऱ्याला विजयराव इथं कामाला आले तेव्हा मी तुला म्हणले होते की माणूस लई गोड बोलतो. तू हसलीस. पण मला चैन नव्हतं. सासऱ्याचा धंदा बघायला जावई एवढ्या खुशीनं येतो, बायको पुण्यात ठेवून? फोन आला की अंगणात जायचे. गोदामाला नवीन कुलूप आलं आणि किल्ली माझ्याकडं दिली नाही. कावून, म्हणून विचारलं, तर आण्णा म्हणाले की विजयराव बघतील आता, तू आराम कर. मला आराम कर म्हणणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून भीती वाटते.

मग ती इथल्या पुढारी साहेबांची ऑर्डर आली. निवडणुका तोंडावर, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांना वाण म्हणून घरघंट्या वाटायच्या. आण्णांचे पाय जमिनीवर नव्हते. मोटारी बाहेरून यायच्या होत्या, त्या काही येईनात. शेडमध्ये नुसत्या रिकाम्या पेट्या रचलेल्या, आणि हे मोबाइलवर ओरडायलेत. आणि मग एकाएकी ऑर्डर पूर्ण झाली. स्टेजवर आण्णांना फेटा बांधला, फोटो आला पेपरात. मी म्हणलं, आल्या असतील बाई मोटारी.

संक्रांत झाल्यावर गोदामात मोठी पातेली आणायला गेले. गोदामावरच्या हरिबानं कुलूप उघडलं, पण माझ्या पुढं पुढं करायला लागला, वैनी, म्या काढून देतो, तुमी उन्हात कावून आलाव. तेवढ्यानं मी आत गेलेच. स्वप्ना, तू परळीत वाढलीस. थर्मल वीजकेंद्राची राख इथं कशाला सोडत नाही. रात्री धुतलेली गाडी सकाळी पांढरी. दसऱ्यापासून ठेवलेल्या घरघंट्यांवर बोटभर थर पाहिजे होता, तर निम्म्याहून जास्त घरघंट्या लखलखीत पुसलेल्या! झाकण उघडून तोंडात हात घातला. जोंधळे नाहीत. दुसरीत नाहीत, तिसरीत नाहीत. हरिबाला विचारलं तर तो छताकडं बघत उभा राहिला. वीस-बावीस वर्षं आपल्याकडं आहे, खोटं बोलता येत नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी विजयराव एक घरघंटी चादरीत गुंडाळून गाडीच्या डिक्कीत ठेवताना मला दिसले. झालं, मला पाहिजे होतं ते सापडलं. जेवताना, पाहुणे बसलेले असताना, मी सगळ्यांसमोर म्हणलं, जावईबापू, लोकांच्या ठेवलेल्या वस्तू कुणाला विकायलात? पुढचं तुला माहीत आहे, ते त्यांनीच तुला सांगितलं असेल. त्यांनी आण्णांकडं एकदा बघितलं, ताटाला हात जोडले आणि उठले. संध्याकाळी पुण्याला निघून गेले. तुझा फोन आला, तू रडलीस, मला नको नको ते बोललीस, आणि मग बंदच केलंस. त्या गडबडीत माझ्या एक गोष्ट ध्यानातच आली नाही. जावयावर भरल्या घरात चोरीचा आळ आला आणि सासरा वरण कालवत खाली मान घालून बसला होता.

ते ध्यानात आलं ते गेल्या आठवड्यात. विजयराव जाऊन इतके दिवस झाले तरी गोदामाची किल्ली मला मिळेना. चोर गेला, मग आता कुलूप कुणापासून? शेवटी आण्णा बीडला गेले त्या दिवशी हरिबाच्या मागं लागून चंद्रभागाबाईची घरघंटी घरी आणवली. तिच्या दारावर मोराचं चित्र चिकटवलंय, ती मी हजारात ओळखते. पायलीभर जोंधळे दळले. आवाजच वेगळा, कण्हल्यासारखा. पीठ हातात धरवेना इतकं गरम. भाकरी थापायला घेतली, कडेनं फुटली. दुसरी थापली, तीही. तशाच भाजल्या आणि संध्याकाळी आण्णा बीडहून आल्यावर त्यांना वाढल्या.

खाल्ल्या त्यांनी. तुकडे गोळा करून कालवणात भिजवून गुमान खाल्ले. ज्या माणसानं जन्मभर फुटक्या भाकरीवरून ताटं सरकवली, आईसमोर, पाहुण्यांसमोर, तो माणूस पाणी प्यायला आणि उठून हात धुवायला गेला. भाकरीला काय झालं एवढंही विचारलं नाही. मी मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणलं, मोटारी तुम्ही काढल्यात.

नाही म्हणाले नाहीत. टॉवेलनं हात पुसत बसले. म्हणाले, साहेबांच्या घरघंट्या लगेच चालू होणार होत्या, तिथं तक्रार आली असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती. ह्या काय, पाडव्यापर्यंत गप्प पडलेल्या. ह्यातल्या तांब्याच्या काढून तिकडं बसवल्या आणि ह्यांत बाजारातल्या हलक्या बसवल्या, नवा माल आला की परत बदलणार होतो. नवा माल आला का, विचारलं. आला, पण तो दुसऱ्या ऑर्डरला गेला. मग म्हणाले ते ऐक. म्हणाले, सहा महिने हाताला ऊस कापून घट्टे पडलेले असत्यात, त्यास्नी काय कळतंय पीठ गरम का गार. माझ्या आत्याबाईंचा मुलगा हे म्हणाला.

विजयरावांना हे सगळं, ते इथं कामाला आल्यावर दोन महिन्यांनीच कळलं होतं. त्या दिवशी चादरीत गुंडाळून नेलेली घरघंटी ते अंबाजोगाईला, बदललेली हलकी मोटर किती तापते ते तपासायला नेत होते. त्यावरून आधीच ऑफिसात सासऱ्याशी भांडण झालं होतं, आण्णांनी हात जोडले, सत्यभामाला, म्हणजे मला, कळू देऊ नका म्हणाले. म्हणून त्यांनी माझा आळ गिळला. हे हरिबानं सांगितलं, आण्णांनी नाही. तर त्यांना सांग, मी चुकले, सासूचं तोंड लई फाटकं आहे. पण स्वप्ना, एक शंका मला अजून सोडत नाही. ते गप्प बसले ते सासऱ्याची लाज राखायला, की पुढं हे सगळं तुम्हा दोघांचंच होणार म्हणून? तू विचार त्यांना. फोनवर नको, समोर बसवून विचार, आणि उत्तर देताना तोंडाकडं बघ. उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल, तुला कळलं म्हणजे झालं.

आता पाडवा आला. कारखाने बंद व्हायलेत, टोळ्या निघाल्या. आण्णांना म्हणलं, सगळ्या मोटारी बदला आणि बायकांना खरं सांगा. म्हणाले, जिची तक्रार येईल तिची बदलू, सांगायचं मात्र कुणालाच नाही. सांगितलंस तर केसरचं नाव एका दिवसात मातीत जाईल, पोरीला काय द्यायचं मग, रिकामं शेड? आणि तोंड उघडायचंच असेल तर ह्या घरात परत पाय ठेवू नकोस, हेही म्हणाले. रागात म्हणाले असतील असं तुला वाटेल, पण मी तोंडाकडं बघत होते. तरी मी गोदामाच्या दारात बसणार आहे. जी बाई येईल तिला सांगणार, तुझी मोटर काढलीय, आमच्या माणसानं काढलीय, तांब्याची बसल्याशिवाय घरघंटी इथून नेऊ नकोस. पहिली चंद्रभागाबाईच येईल, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं तेच कळेना. लिंबागणेशला माझ्या भावाला कळवून ठेवलंय, एक खोली रिकामी कर म्हणून. आण्णा तुला सांगतील की मला आवर. नको बाई, त्या भानगडीत पडू नकोस. ह्या धंद्यातलं सगळं तुझ्या नावावर व्हायचं होतं, आणि ते मी आठ दिवसांत माझ्या तोंडानं मोडून टाकणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. पण ते तुझं होतं, म्हणून बाहेरच्या कुणाकडून कळायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं.

तुझीच,
आई