भिंतीतली ऊब

॥ श्री ॥

मुंबई, २० नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप बाबांस,
चिंतामणचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र आणि आईने पाठवलेली ज्वारीची बिबडी पोचली. बिबडी खोलीतल्या मंडळींनी दोन दिवसांत फस्त केली, पत्र तेवढे माझ्या वाट्याला राहिले.

एक आनंदाची बातमी आहे. कोळशाची टंचाई तुम्हाला ठाऊकच आहे. आता सरकारने ठरवले आहे की मोठ्या कारखान्यांचे बॉयलर तपासायचे, वाया जाणारी उष्णता अडवायची आणि तेवढ्याच कोळशात जास्त काम काढायचे. आमच्या खात्याला उदाहरणे हवी होती. मी टिपण लिहिले, त्यात आपल्या जळगावच्या जिनिंग-प्रेसिंगचा बॉयलर घातला. वाफेचा उघडा पाइप भिंतीलगत कसा धावतो आणि भिंतीपलीकडे आपल्या खोलीत आई पापड कशी वाळवते, सगळे लिहिले. साहेब खूश झाले. यादीत आपला कारखाना पहिला आहे. एक जानेवारीला माणसे येऊन पाइपाला उष्णता अडवणारा ॲस्बेस्टॉसचा दोर गुंडाळतील, वर लेप देतील.

इथली भिंत ओलसर आहे. तिला टेकून डोळे मिटले की हवेत रुई तरंगताना दिसते. मग कोणीतरी हाक मारते आणि मी मुंबईत असतो.

ती. आईस नमस्कार. रुख्मिणी बाळंतपणाला आली का? प्रेम आहेच, पत्राने ते पोचते करावे.

आपला आज्ञाधारक,
चिंतामण

॥ श्री ॥

जळगाव जामोद, ४ डिसेंबर १९७४

चि. चिंतामणास,
महादेवरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद उपरि विशेष.

मुलगा बापाच्या भट्टीची चूक सरकारदरबारी लिहितो, हे आमच्या खानदानात प्रथमच घडले. शाबास! पण तुझे म्हणणे खरे आहे. अठ्ठावीस वर्षे मी धुराचा रंग बघून कोळसा टाकतो. धूर काळा निघाला की माझा जीव खालीवर होतो, आणि इकडे पाइप उघडाच. मालकांना दोनदा सांगून पाहिले, पण पिकते तिथे विकत नाही, घरच्या फायरमनचे कोण ऐकणार? सरकारने सांगितल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी दोराची चौकशी सुरू झाली.

रुख्मिणी आली आहे. सातवा चालू आहे. तब्येत ठीक, फक्त पाय सुजतात. गोजरबाई सुईण येऊन बघून जाते.

तुझे पत्र मी तुझ्या आईला वाचून दाखवले. ऐकून ती उठून गेली आणि भिंतीला पाठ लावून कितीतरी वेळ डोळे मिटून बसली. काऊन बसली असं विचारलं, तर म्हणाली की काही नाही, मले आपलं बरं वाटते. तिचे स्वप्नात गेल्यासारखे बसणे तुला माहीतच आहे, म्हणून मीही जास्त विचारले नाही.

जपून राहावे, वेळेवर जेवावे. आमची माया तुझ्या पाठीशी आहे.

महादेवराव

॥ श्री ॥

जळगाव जामोद, १९ डिसेंबर १९७४

चि. चिंतामणास,
अनेक आशीर्वाद.

पत्र घाईत लिहितो आहे. परवा सकाळी रुख्मिणी बाळंत झाली. मुलगा आहे. सातमाशा. रुईचे नमुने तोलायच्या काट्यावर ठेवला तर दीड किलोसुद्धा भरेना. खामगावच्या डॉक्टरांकडे माणूस पाठवला. त्यांचा निरोप आला की या थंडीत एवढा प्रवास करवू नका, वाटेतच दगावेल, आहे तिथेच सारखी ऊब द्या.

गोजरबाईने निरोपाची वाट पाहिलीच नव्हती. सरकी काढलेल्या ताज्या रुईत पोर गुंडाळले आणि टोपलीसकट भिंतीला लावून ठेवले. ना विस्तव, ना धूर. दिवसभर एकसारखी ऊब. तुझी आई एक हात भिंतीवर आणि एक हात टोपलीत ठेवून बसते. भिंत जास्त तापली की टोपली चार बोटे मागे, निवली की पुढे.

आता तुला सांगतो. तिने आजवर सांगू दिले नाही, अशा पोराची गोष्ट बोलली की दृष्ट लागते म्हणून. तुला आम्ही घाईने आलेला म्हणून चिडवतो ना, ते उगीच नाही. अठ्ठेचाळीस सालच्या पौषात तूही असाच आलास, आणि याच गोजरबाईने याच भिंतीला तुला पन्नास दिवस लावून ठेवले. दिवसाची पाळी संपली तरी मी घरी येत नसे. भट्टीत फावडे फावडे कोळसा टाकत पाइप तापता ठेवायचा, आणि भिंतीपलीकडे तू रडलास की मला बरे वाटायचे.

चिंतामण, एक तारखेला माणसे येतील. मी सरकारी कागद आजपर्यंत मोडला नाही. पण पाइप झाकला तर भिंत दोन दिवसांत गार पडेल. मी काय करू ते तू कळव. बाप असून मुलाला विचारतो आहे.

महादेवराव

॥ श्री ॥

मुंबई, २४ डिसेंबर १९७४

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचे पत्र कचेरीत मिळाले. वाचून मी जिन्यात जाऊन बसलो. ज्या भिंतीने मला जगवले, तिच्याबद्दल मी टिपणात ‘निव्वळ वाया’ असे शब्द लिहिले होते, आणि ते सुचले म्हणून स्वतःवर खूश झालो होतो. मला फार लाज वाटली.

पत्र घेऊन तसाच साहेबांकडे गेलो. ते म्हणाले की धोरण एका पोरासाठी थांबत नाही, आज तुमचे पोर, उद्या दुसऱ्याची म्हातारी. मी म्हटले की धोरण थांबवू नका, भिंत फक्त पन्नास दिवस राहू द्या. त्यांनी विचारले की ही ऊब निव्वळ वाया जाते असे लिहिले कोणी. मी सांगितले, मीच. त्यांनी मग पत्र पुन्हा मागून घेतले आणि रुईच्या टोपलीपर्यंत वाचले. शेवटी यादी काढून आपल्या कारखान्याचा आकडा एक होता तो खोडला आणि सोळा केला. कारण काहीच लिहिले नाही. तुमच्याकडे माणसे आता वीस फेब्रुवारीच्या सुमारास येतील. तार केली आहेच, हे पत्र खात्रीसाठी.

बाबा, धूर काळा होऊ देऊ नका, पण पाइप तापता ठेवा. तुमच्या भट्टीवरच माझा सगळा भार आहे.

तुमचा,
चिंतामण

॥ श्री ॥

जळगाव जामोद, २७ फेब्रुवारी १९७५

चि. चिंतूस आईचे आशीर्वाद. (दादा, लिहिणारी मी, रुख्मिणी. आई म्हणते की मी बोलते तसंच लिही, शहाणपण करू नको.)

बाबू, माणसं आली न् पाइप गुंडाळून गेली. तुह्ये बाबा त्याहिच्या संग दोर धरून उभे होते. आता रोज किती कोळसा वाचते ते गावभर सांगत फिरतात. झाकला ते बेस झालं. कोळसा काई जमिनीतून फुकट उगवत नाही, मले समजते.

पोरगं आता तीन किलोच्या वर भरलं. आवाज असा काढते का भोंगा वाजला वाटते. काल बारसं झालं, उद्धव नाव ठेवलं. गोजरबाईले लुगडं नेसवलं.

परवा सवयीनं मी भिंतीले पाठ लावली. गार लागली. एवढ्या वर्साचं माणूस उठून गेल्यासारखं वाटलं मले, रडू आलं. मंग रुख्मिणीनं लेकरू माह्या मांडीवर टाकलं. ते असं गरम होतं बाबू, का मले डुलकीच लागली. सपनात तू होता, टोपलीतला.

आता तुह्या साहेबाले माह्यं एक सांगजो. त्या कागदात तू जिथं वाया लिवलं, तिथं खोडाखोड करू नको म्हणा. त्याच्या बाजूले फक्त दोन नावं लिवा. एक चिंतामण, न् एक उद्धव.

उन्हाळ्यात घरी ये. वाट पाहून राह्यली.

तुही आई,
सत्यभामाबाई