काळ्या पाण्याची खूण

प्रिय लॉइड,

सोमवारी तुझ्या मारितचा फोन आला. तू जेवण टाकतोस, कुणाशी बोलत नाहीस, आणि लेकीने फारच खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणालास, "माझ्या भावाला मी मारलं." हे खरं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

यंदा तळं उशिरा गोठलं. घरासमोरच्या बर्फात आता कुणी भोक राखत नाही. तू आणि हार्लन होतात तेव्हा पाण्यात सोडलेला तो विजेचा पंखा अखंड पाणी ढवळायचा. सगळं तळं दगड झालं तरी एका खोलीएवढं काळं पाणी उघडं राहायचं, आणि त्यावर, खऱ्या बदकांना भुलवून बंदुकीच्या टप्प्यात आणायला, बॅटरीने पंख फडफडवणारी तुमची प्लॅस्टिकची बदकं. घरात माझ्यापेक्षा बदकांची बडदास्त जास्त, असं मी म्हणायचे. हार्लन म्हणायचा, "व्हर्ना, तू कॉलेजात शिकलीस खरी, पण बदकाचं मन तुला कळायचं नाही." तू नेहमी त्याच्याच बाजूने हसायचास. पुढे मारून आणलेल्या बदकांचं सूप तीन वाट्या प्यायचास.

भोकाभोवती खूण म्हणून देवदाराच्या फांद्या रोवायच्या, हा तुमच्या वडिलांचा नियम. हार्लन बुडाला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, खोटी बदकं गोळा करून आणताना तू म्हणालास, फांद्या कशाला, पंख्याचं मशीन चालू आहे, काळं पाणी दिसतंच की. हार्लननेही मान डोलावली, हे तू विसरतोस. पहाटे तो बदकांचं पोतं घेऊन निघाला तेव्हा वीतभर हिम पडलं होतं. त्याला काळं पाणी कुठे दिसलंच नाही. भोक अजून पुढे आहे असं समजून तो चालत राहिला. चार हिवाळे झाले, तू त्या न रोवलेल्या फांद्याच मोजत बसला आहेस.

आता मी न सांगितलेलं. शनिवारी दुपारी चर्चमधल्या बायका माझ्याकडे आल्या होत्या. कॉफीचं मोठं भांडं आणि तुमचं मशीन एकदम लावलं की फ्यूज उडायचा. म्हणून ओसरीवरची मशीनची पिन मीच काढली. बायका गेल्या, मी कप धुतले, पिन पुन्हा लावायची राहिली. भोकावर पातळ साय धरली, वर हिम बसलं. त्याची हाक ऐकून मी दोर आणायला ओसरीवर धावले, तेव्हा ती पिन लोंबताना दिसली. दोर टाकला, तो पोचला नाही. मग मदतीची माणसं यायच्या आधी मी पिन परत लावली. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. तुझा अपराध मला सोयीचा होता, लॉइड. क्षमा मागत नाही. मागायचा हक्क राहिलेला नाही. तू फक्त जेव.

तुझ्या भावाची बायको,
व्हर्ना

मंगळवारी दिला: शेरीफच्या पोलीस कचेरीत, माझ्या सहीचा जबाब, दोन पानी. पोच घेतली. बुधवारी दिले: मारितच्या हाती, त्याच जबाबाची प्रत आणि हे पत्र, बापासमोर बसून मोठ्याने वाचण्यासाठी.