बुजवलेलं खिंडार

३ मार्च
पोहोचलो एकदाचे! माडीवरच्या खोलीत सामान टाकलं, खिडकी उघडली, तर समोर तो मातीचा बांध. कधीकाळी या गावाला वेढा घालून बसलेल्या फौजेने उभारलेला, गावाला गोल कवेत घेणारा, आता गवताने भरलेला. त्याची डागडुजी करायची, हे माझं काम. नवरा रजा काढून सोबत आलाय. म्हणतो, तू माती उकर, मी लोळतो. लोळ बाबा.

४ मार्च
डांबरी रस्ता बांधावर चढून पलीकडे उतरतो. शेजारीच बांधाला खिंडार आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून त्यातली मूठभर माती उकरून बाहेर फेकतो. पाववाल्याला कारण विचारलं, तर म्हणाला, आपल्या कामाशी काम ठेवा. माणसं एकजात खडूस.

७ मार्च
गावातला एकही मजूर येईना, म्हणून बाहेरून माणसं आणून खिंडार बुजवलं. नवऱ्याने फक्त फोटो काढले. बांध कसा अखंड दिसतोय! घरमालकीण म्हणाली, आता ते परत बसतील. मला हसू आवरेना. तिने आमची जेवणाची ताटं उचलून नेली.

९ मार्च
नळ कोरडा. दूध-भाजीची गाडी आलीच नाही. नवरा तापाने फणफणलाय आणि डॉक्टर बांधापलीकडे. त्याला गाडीत घालून निघाले. रस्ता बांधावर चढला आणि उतरला तो पुन्हा गावातच. परत फिरवली. पुन्हा घरमालकिणीच्या दारात.
मला भीती वाटतेय.

१० मार्च
बांधावर गवत नाही. ओली, ताजी माती. पलीकडे धूर. फावडं घेऊन खिंडार उकरायला गेले. मी उकरत होते तेवढं पलीकडून कोणीतरी भरत होतं.

११ मार्च
याचा ताप हटत नाही. घोटभर पाणी मागितलं, तर पाववाला पायाशी थुंकला. घरमालकीण सांगते, मागे वेढा उठला तो खिंडार बुजवणाऱ्याला बांधापलीकडे धाडल्यावरच. सांगताना ती याच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे.

१२ मार्च
जिन्यावर पावलं. पुष्कळ. याने अंथरुणातून उठून मला आतल्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली — ते विचारतायत, कोणी बुजवलं — हा म्हणतोय, मी —
खोटं! त्याने मातीला हातसुद्धा —
दार तुटत नाही. नेलं त्याला. इथल्या खिडकीतून ओरडतेय, मी बुजवलं, मी — कोणी वर बघत नाही. बांध चढतोय. धड चालवतही नाही त्याला. पलीकडून कोणीतरी हात दिला —
मोरीत आवाज. नळाला पाणी आलं. वेढा उठला. म्हणजे तो —